मिशिगनची ढेप आणि दहाव्या दिवसाचं पिल्लू

(तान्ह्या पोळ्यानिमित्त गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘आगरोधक रसायनं आणि पिल्लांचा मेंदू’. सरपंच मघाशी कानात म्हणाले, ‘साहेब, पाच वाजता पोट्टे नंदी घेऊन येतीन, तवापर्यंत आटपा.’ आटपतो. पण ढोरांच्या डॉक्टरच्या हाती माईक दिला, तेव्हाच विचार करायला हवा होता.

मेंदूकडे जाण्याआधी ढेपीची गोष्ट सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात एकच कंपनी दोन भुकट्या बनवायची. एक न्यूट्रिमास्टर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, दुभत्या गाईच्या खाद्यात मिसळायची. दुसरी फायरमास्टर, म्हणजे ब्रोमीनचं संयुग, प्लास्टिकनं पेट घेऊ नये म्हणून. 1973 साली दुसरीची पोती पहिलीच्या जागी पशुखाद्याच्या कारखान्यात पोचली. मिसळली, विकली, गाईंनी खाल्ली.

गाई चारा सोडायला लागल्या. दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढले, डोळ्यांतून पाणी, अंगावरचे केस गेले. शेतकरी ओरडत होते आणि त्यांना उत्तर काय मिळालं? तुमची देखभाल बरोबर नाही! हे वाक्य ऐकून तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हालाही कोणीतरी ऐकवलं असणार. मी नाही हं.

त्यांच्यातला रिक हाल्बर्ट नावाचा एक दूधवाला शेतकरी केमिकल इंजिनीअर शिकलेला होता. तो गप्प बसला नाही. खाद्याचे नमुने एका प्रयोगशाळेतून दुसरीत पाठवत राहिला. 1974 मध्ये ब्रोमीन सापडलं. तोवर दूध, मांस, अंडी लोकांच्या पोटात गेली होती. सुमारे 30 हजार गाई-ढोरं आणि 15 लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. रसायन चरबीत साठतं आणि दुधातून उतरतं, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता.

आता माझं रडगाणं. आपण सरकीच्या ढेपीचं पोतं घेतो, भाव विचारतो, उधारी विचारतो. आत काय आहे ते कोण विचारतो? मी नोकरीत असताना एका गोठ्यात पोत्यावरचं वाचायला लागलो, तर मालक म्हणे, ‘साहेब, गायले वाचता येत नाही, तुमी काहून वाचता?’ त्याचं बरोबर होतं. गाय वाचत नाही म्हणूनच मी वाचत होतो. पण पोत्यावर छापलंय तेच आत आहे, हे तपासायची सोय आपल्या तालुक्याला नाही, आणि मागितली की लोक म्हणतात डॉक्टर रिटायर झाला तरी अर्ज काही सुटत नाही.

आणखी एक. आपण पऱ्हाटी पिकवणारे लोक, पण लग्नात पोरीला गादी देतो फोमची. कापूस काय फक्त विकायलाच? असो. तिकडे कॅलिफोर्नियात 1975 साली नियम आला की सोफ्याच्या फोमला 12 सेकंद ज्योत लावली तरी त्यानं पेट धरू नये. मग फोममध्ये ब्रोमीनची संयुगं घातली, त्यांना पीबीडीई म्हणतात. ती फोमला पक्की चिकटलेली नसतात. धुळीत उतरतात, तिथून मांजराच्या अंगावर, रांगत्या पोराच्या हातावर.

सरपंच घड्याळ दाखवताहेत. मूळ विषय पाच मिनिटांत उरकतो.

स्वीडनमध्ये उप्साला इथं पेर एरिकसन यांनी उंदराच्या दहा दिवसांच्या पिल्लांना यातलं एक संयुग एकदाच पाजलं. पिल्लं दिसायला धडधाकट वाढली. मोठा उंदीर नव्या पिंजऱ्यात टाकला की आधी हुंगत फिरतो, मग शांत होतो. हे आधी मंद राहायचे आणि शांत व्हायच्या वेळी धावायचे. वय वाढलं तसं ते बिघडतच गेलं. पुढं तिसऱ्या, दहाव्या आणि एकोणिसाव्या दिवशी पाजून पाहिलं. तिसऱ्या-दहाव्याला पाजलेल्यांत बिघाड, एकोणिसाव्याच्यांत नाही. पात्या-फुलांवर असताना पऱ्हाटीला ताण बसला, तर मागून कितीही पाणी द्या, गळलेली पाती परत लागत नाही. तसंच हे.

मेंदूची जोरदार वाढ उंदरात जन्मानंतरच्या तीन-चार आठवड्यांत होते. वासरू जन्मताच उभं राहतं, त्याची बरीचशी वाढ गाभणपणातच झालेली असते. म्हणून त्याचा धोक्याचा काळ गाईच्या पोटात. माणसाचं मूल अधलंमधलं, शेवटच्या तीन महिन्यांपासून पुढं दीड-दोन वर्षं. या संयुगांची रचना थायरॉइडच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे, फक्त आयोडीनच्या जागी ब्रोमीन. त्यामुळे ती त्या संप्रेरकाच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि मेंदूच्या पेशींची जुळणी त्याच्याच हुकमानं चालते. बेडकाच्या पिल्लाची शेपटीसुद्धा त्याच्याशिवाय गळत नाही.

स्टॉकहोम करार म्हणजे वर्षानुवर्षं न विघटणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार. त्यात यातली दोन मिश्रणं 2009 साली बंदीत आली, तिसरं 2017 साली. भारतानं 2018 मध्ये पहिल्या दोनांवर नियम केला. पण जुन्या वस्तू आहेतच. जुन्या सोफ्याचा फोम वासराखाली अंथरलेला मी पाहिलाय. प्रत्येक फोममध्ये हे असतंच असं नाही, पण नुसतं बघून कळत नाही आणि वासरू सगळं चाटतं. तणस टाका. तांब्याच्या तारेसाठी जुन्या टीव्हीचं प्लास्टिक जाळता, तेही बंद करा. ब्रोमीनवालं प्लास्टिक जळताना डायऑक्सिनच्या जातीची विषं निघतात आणि वाऱ्याच्या दिशेला गोठा असतोच. प्रश्न असतील तर पटकन विचारा, तिकडे माईक मागताहेत.