घोगरा आवाज आणि कागदाचा कंडेन्सर

टेबलावर उघडून ठेवलेला हा व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा संच, साठ वर्षांहून जुना आहे. सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे तो स्वच्छ बोलतो, आणि मग संच तापत जातो तसा निवेदकाचा आवाज घोगरा होऊ लागतो. अशा वेळी पुष्कळांचा संशय स्पीकरवर जातो. अनुभवी दुरुस्तीकार मात्र आधी दोन व्हॉल्व्हच्या मधला कंडेन्सर, म्हणजे आजच्या भाषेत कपॅसिटर, तपासतो.

आधीच्या व्हॉल्व्हच्या ॲनोडवरचा (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या धन पट्टीवरचा) सुमारे १०० व्होल्टचा एकदिश विद्युतदाब अडवून ध्वनीचा बदलता संकेत तेवढा पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीपर्यंत, जाऊ देणे, हे त्याचे काम. ॲल्युमिनियमच्या दोन वर्खांमध्ये मेणात मुरवलेला कागद ठेवून ही गुंडाळी बनवलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मेणाचा लेप तडकतो, कागद दमटपणा शोषतो आणि अडवायचा प्रवाह थोडा थोडा झिरपू लागतो. ही गळती १० मायक्रोॲम्पिअर एवढीच असली, तरी ग्रिडला जोडलेल्या ४७० किलोओहमच्या रोधावर ४.७ व्होल्ट उभे राहतात. ईएल ८४ या स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हची ग्रिड कॅथोडपेक्षा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकापेक्षा) सुमारे ७ व्होल्ट खाली ठेवलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे ४.७ व्होल्टचे गांभीर्य कळते: व्हॉल्व्ह अति प्रवाह ओढतो, तापतो, आणि संकेताची शिखरे कापली जातात. आपल्याला ऐकू येणारा घोगरेपणा तो हाच.

कागदाच्या जागी पॉलिप्रॉपिलीनची फिल्म आली की गळतीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. पॉलिएस्टरची फिल्म विद्युतभार थोडा अधिक धरून ठेवते, म्हणून ती कमी प्रतीची मानली जाते. पण या जागी पुरेशा क्षमतेचा कपॅसिटर असेल, तर त्याच्या दोन टोकांमध्ये ध्वनिसंकेताचा दाब नगण्य राहतो, आणि म्हणून इथे महागड्या फिल्मवर खर्च करावा असे मला वाटत नाही. फिल्टरमध्ये किंवा स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या जोडणीत) मात्र तोच दाब कपॅसिटरवर लक्षणीय प्रमाणात येतो, आणि तिथे कपॅसिटरची रचना खरोखर बोलते. बेरियम टायटनेटच्या सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता विद्युतदाबाबरोबर बदलते, त्यामुळे मूळ ध्वनीत नसलेले स्वर त्यात मिसळतात. शिवाय हा पदार्थ दाबविद्युत गुणाचा (यांत्रिक दाबाने वीज निर्माण करणारा) असल्याने त्यावर पेन्सिलीची टिचकी मारली, तरी ती स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. सी-झीरो-जी या स्थिर क्षमतेच्या वर्गाचे सिरॅमिक या दोन्ही दोषांपासून जवळजवळ मुक्त असते.

वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची कथा वेगळी आहे. त्यातला द्राव सुकला की आतला रोध वाढतो, क्षमता घटते आणि १०० हर्ट्झची घरघर सुरू होते.

आता नवा फिल्म कपॅसिटर बसवताना एक गोष्ट पाहायला हवी. गुंडाळीचा बाहेरचा वर्ख आतल्या वर्खाला आवरणासारखा झाकतो. म्हणून त्याचे टोक ग्रिडकडे न ठेवता ॲनोडकडे जोडले, तर आसपासच्या तारांची घरघर कमी शिरते. जुन्या कागदी कपॅसिटरवर ते टोक अनेकदा पट्टीने दाखवलेले असे. नव्यावर बहुधा खूण नसते, तेव्हा ऑसिलोस्कोपला (संकेताची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाला) जोडून तो बोटांत धरायचा, दोन्ही बाजूंनी उलटसुलट जोडून पाहायचा, आणि घरघर कमी दिसते त्या वेळी ऑसिलोस्कोपच्या ग्राउंडला जोडलेल्या टोकावर खूण करून मगच डाग द्यायचा.