एक चमचाभर खाऊन जा

नमस्कार मंडळी.

कोरियन शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच एक वाक्य भेटतं: ‘बाप मॉगॉस्सॉयो?’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘भात खाल्लात का?’ आणि अर्थ, ‘जेवलात का?’ आपल्याला हे वाक्य लगेच घरचं वाटतं, कारण दारात आलेल्या माणसाला आपणही हेच विचारतो. म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायचं राहून जातं. आज ते बघू.

आधी ‘बाप’ या शब्दाचं बोलते. शेतात उभी असते ती ‘ब्यॉ’, म्हणजे साळ. सडून घरात येतो तो ‘स्साल’, म्हणजे तांदूळ. चुलीवर शिजला की ‘बाप’. तांदूळ आणि भात यांत गोंधळ न करणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल नाही. पण ‘बाप’ एवढ्यावर थांबत नाही, तो अख्ख्या जेवणाचं नाव होतो. घरचं जेवण ते ‘चिप्पाप’, एकट्याने जेवणं ते ‘होन्बाप’. एका भांड्यातला भात खाणारे, म्हणजे ‘हान्सोत्पाप’ खाणारे, ते एका जिवाचे सोबती. आणि जेवून अंगात येतं ते बळ म्हणजे ‘बाप्सिम’.

उच्चाराची एक गंमत मला फार आवडते. ‘बाप’मधला शेवटचा प् पुढच्या म ला भिडला की तोही म् होतो, त्यामुळे कानावर पडतं ‘बाम् मॉगॉस्सॉयो’. वाक् आणि मय जवळ आले की वाङ्मय होतं, अगदी तसंच. शाळेत संधी शिकलेला मराठी मुलगा हे कुणी न सांगता बरोबर म्हणतो. माझ्या वर्गात मी हे पाहिलंय आणि दर वेळी मला आनंद होतो.

आता बोलावण्याकडे येऊ. मराठीत ‘जेवायला चल’ आणि ‘जेवायला चला’ एवढा फरक केला की आपलं भागतं. कोरियनमध्ये क्रियापदाची शेपटी तर बदलतेच, पण ताटातल्या भाताचंही नाव बदलतं. मित्राचा असतो तो ‘बाप’. ऑफिसातल्या वरिष्ठांचं, फारशा ओळखीच्या नसलेल्या माणसाचं ते ‘शिक्सा’, हा चिनी मुळाचा शब्द. आजी-आजोबांचं ते ‘जिन्जी’. खाणंही मित्राचं ‘मॉक्ता’ आणि आजोबांचं ‘दुशिदा’. म्हणून आजोबांना विचारायचं, ‘जिन्जी दुश्यॉस्सॉयो?’ तेच ताट, तोच भात, पण खाणारा कोण यावरून सगळं वाक्य बदललं. आपल्याकडेही ‘गिळलंस का’, ‘जेवलास का’, ‘भोजन झालं का’ अशी उतरंड आहे. आपण ती रागाने किंवा आदराने, मनात आलं तर वापरतो. कोरियन माणसाला मात्र प्रत्येक वेळी निवड करावीच लागते. समोरचा माणूस माझा कोण, हे ठरवल्याशिवाय त्या भाषेत कुणाला जेवायला बोलावताच येत नाही. व्याकरणापेक्षा मला हे अवघड वाटतं आणि सुंदरही.

शेपट्यांचंही सांगते. ‘मॉगुल्लेयो?’ म्हणजे ‘जेवणार का?’ ‘मॉगुल्कायो?’ म्हणजे ‘जेवूया का?’ पुस्तकात ‘मॉगुप्शिदा’ही सापडतं, ‘चला, जेवूया’. दिसायला ते भारदस्त, म्हणून विद्यार्थी ते हमखास सरांना म्हणतात आणि सरांचा चेहरा बदलतो. मोठ्यांना लहानांनी ‘चला’ म्हणून हाकायचं नसतं. तिथे ‘काछी शिक्सा हाशिगेस्सॉयो?’ असं विचारायचं, ‘सोबत भोजन कराल का?’ आणि या वाक्यांत ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ कुठेच नाही, हेही बघा. नातं किंवा हुद्दा घेऊन हाक मारायची आणि पुढे प्रश्न. खाणावळीत वाढणाऱ्या बाईला तिथले लोक ‘इमो’ म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. आपणही मेसमध्ये ‘मावशी, भात वाढा’ म्हणतोच की.

हे सगळं भाताभोवतीच का फिरतं, त्याला भुकेचा इतिहास आहे. हिवाळ्यात तांदूळ संपायचा आणि जव पिकायला अजून अवकाश असायचा. वसंतातल्या त्या उपाशी दिवसांना कोरियन लोक ‘बोरित्कोगे’ म्हणत, जवाची खिंड. ती दरवर्षी ओलांडावी लागे. त्यात १९५० ते ५३चं युद्ध झालं. साठ-सत्तरच्या दशकांत सरकार तांदळात जव मिसळून खायला सांगत होतं आणि शाळेत मुलांचे डबे उघडून जव आहे का ते बघितलं जाई. दक्षिण कोरिया तांदळात स्वयंपूर्ण झाला तो १९७७च्या सुमारास. अशा घरांत वाढलेली माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांच्या ‘जेवलात का?’मध्ये चौकशी खरी असते. १९७० साली तिथला माणूस वर्षाला सुमारे १३६ किलो तांदूळ खायचा, २०२३मध्ये तो आकडा ५६वर आला. भात निम्म्याहून कमी झाला, तरी प्रश्न बदलला नाही.

कुटुंबाला तिथे ‘शिक्कू’ म्हणतात, म्हणजे खाणारी तोंडं. आपल्याकडे ‘खाणारी तोंडं’ म्हटलं की ओझ्याची भावना येते. तिथे ‘उरी शिक्कू’, आमची खाणारी तोंडं, हे मायेने म्हणतात. शेतात दुपारचं खाणं चाललं असताना वाटसरू दिसला तर ‘एक चमचाभर खाऊन जा’ म्हणायचे. आपण म्हणतो ‘दोन घास खाऊन जा’. ते भात चमच्याने खातात, आपण हाताने, म्हणून माप तेवढं वेगळं. ‘आधी पोटोबा मग विठोबा’लाही त्यांचा जोडीदार आहे: गुमगांगसान हा त्यांचा सर्वांत देखणा डोंगर, पण तोसुद्धा जेवणानंतरच बघावा.

आता माझ्या हातून झालेली चूक. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी दुभाषी होते. कोरियाहून आलेले पन्नाशीचे एक इंजिनियर आणि त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेले आमचे सुपरवायझर, अशा दोघांमध्ये माझं काम. एका संध्याकाळी निघताना इंजिनियर म्हणाले, ‘ऑन्जे शिक्सा हान्बॉन हाशिजो.’ मी भाषांतर केलं, ‘एकदा जेवायला या म्हणतायत.’ सुपरवायझरनी घरी सांगितलं आणि तीन शनिवार मोकळे ठेवले. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला हळूच विचारलं, ‘मॅडम, दिवस ठरला का?’ तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या वाक्यातला ‘कधीतरी’ मी गाळला होता. कोरियात हे निरोप घेतानाचं वाक्य आहे. त्याला पोकळ म्हणणारे बरेच भेटतात, पण मला ते पटत नाही. ‘आपलं नातं इथे संपत नाही’ एवढं ते नक्की सांगतं. फक्त ते तारखेचं आमंत्रण नाही. तारीख किंवा जागा आली की ते आमंत्रण होतं.

मी इंजिनियरना खरं काय ते सांगितलं. ते ओशाळले आणि तिथल्या तिथे रविवार ठरवला. बोलावणारा किंवा वयाने मोठा असेल तो बिल देतो अशी तिथली रीत आहे. ‘नेगा स्सोल्के’ म्हणतात, शब्दशः ‘मी झाडतो’, बंदूक झाडतात तसं. हे खिलवणं एवढं मुरलेलं आहे की २०१६च्या लाचविरोधी कायद्यात सरकारी नोकर, शिक्षक आणि पत्रकारांना कुणी खिलवलं तर जेवणाची मर्यादा ३०,००० वॉन ठरवावी लागली. २०२४मध्ये ती ५०,००० झाली. पण आमचे इंजिनियर हॉटेलात गेले नाहीत. भाड्याच्या घरात त्यांनी स्वतः रांधलं. टेबलावर वाट्यांना जागा उरली नव्हती आणि वर म्हणाले, ‘छारिन गॉन ऑप्चिमान, मानी दुसेयो.’ वाढण्यासारखं काही नाही, पण पोटभर खा. मी भाषांतर करायच्या आत सुपरवायझर म्हणाले, ‘अहो, केवढं केलंत!’ त्यांना शब्द कळले नव्हते, सूर कळला होता.

मी त्यांच्याकडून ‘जाल मॉक्केस्सुम्निदा’ पाठ करून घेतलं होतं. जेवणाआधी म्हणायचं, ‘छान जेवणार आहे.’ जेवण झाल्यावर ‘जाल मॉगॉस्सुम्निदा’, ‘छान जेवलो.’ जेवणाआधीचं ते वाक्य म्हणून झाल्यावर सुपरवायझरनी सवयीने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि चार शितं बाजूला काढली. इंजिनियर बघत राहिले. मग म्हणाले, त्यांची आजी शेतात जेवायला बसली की पहिला घास ‘गोसुरे!’ म्हणत बाजूला टाकायची. बऱ्याच वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडी आला नव्हता.

त्यानंतर ते दोन वर्षं इथे होते. रोज दुपारी सुपरवायझरना विचारायचे, ‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’ मी रोज सांगायचे, ‘आपलं जेवण झालं का, विचारतायत.’ मग ते परत गेले. काही महिन्यांनी रात्री उशिरा, यंत्र बंद पडलं म्हणून आम्ही त्यांना फोन लावला. स्पीकर चालू होता. यंत्राबद्दल बोलायच्या आधी त्यांनी सुपरवायझरना नावाने हाक मारली आणि म्हणाले, ‘बाबुन मॉगॉस्सॉ?’ शिक्सा गेलं होतं, शेवटचा आदराचा ‘यो’ गेला होता, आणि ‘बाप’ला एक ‘उन’ चिकटला होता, आपल्या ‘तरी’सारखा.

सुपरवायझर माझ्याकडे बघत होते. ‘काय म्हणाले, मॅडम?’

मी म्हटलं, ‘म्हणतायत, जेवलास तरी का रे?’