आधी जिना, मग खोल्या

(कांदिवलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, संपादित रूपात)

नमस्कार. घराचा नकाशा काढून घ्यायला माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा वहीच्या मागच्या पानावर एक चौकोन काढून आणतात. त्यात लिहिलेलं असतं हॉल, किचन, बेडरूम, बेडरूम, आणि जमलं तर मुलाच्या अभ्यासाला एक खोली. जिना कुठेच दाखवलेला नसतो. विचारलं की म्हणतात, "तो काय, बसेल कुठेतरी." आज मी त्या 'कुठेतरी'वरच बोलणार आहे. छोट्या प्लॉटवर घर बिघडतं ते तिथेच, असं माझं मत आहे आणि त्यासाठी मी भांडायलाही तयार आहे.

इथे बसलेले बरेच जण चारकोप-गोराईचे आहेत. तुमच्या सोसायट्या कशा झाल्या ते तुम्हाला माहीत आहे, तरी तरुण मुलांसाठी सांगते. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं इथे प्लॉट आखून दिले, रस्ते, पाणी, गटार दिलं, आणि घर ज्याचं त्यानं बांधायचं असं ठरलं. छोटे प्लॉट २५ चौरस मीटरच्या आसपासचे, त्याहून बरे ४०च्या आसपास. मधे चौक आणि भोवती घरं. कल्पना चांगलीच होती. साधारण त्याच काळात नवी मुंबईत बेलापूरला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत केली. तिथेही प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे फार मोठे नव्हेत, पण एका घराची भिंत दुसऱ्या घराला चिकटलेली नाही. आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या लांब भिंती शेजाऱ्याच्या. उजेड येणार तो पुढून नाहीतर मागच्या घरगल्लीतून, म्हणजे घरांच्या पाठीमागच्या अरुंद बोळातून. तिसरी दिशा उरते ती वरची, आणि ती कुणी हिशोबात धरत नाही.

एक खरं घर घेऊ. नाव सांगत नाही, कारण त्या घरच्या वहिनी बहुधा आज आल्या असतील. प्लॉट १४ फूट रुंद, ३० फूट खोल, म्हणजे ४२० चौरस फूट. भिंती वजा केल्या की आतली रुंदी १३ फूट. पुढची बाजू पश्चिमेला, चौकाकडे. मागे पूर्वेला घरगल्ली. माणसं पाच: आजी, मुलगा, सून आणि दोन मुलं. तळमजला आणि वर एक मजला.

जुन्या घरात जिना पुढच्या भिंतीला लागून होता. दारातून आत आलं की डाव्या हाताला जिना, उजवीकडे जेमतेम वाट. १३ फुटांच्या दर्शनी बाजूतले आठ-साडेआठ फूट जिन्यानं खाल्लेले. जी एकच बाजू उजेडाची, तीच पायऱ्यांना दिलेली! त्याच्या मागे हॉल, हॉलच्या मागे बेडरूम, बेडरूमच्या कडेनं तीन फुटांचा पॅसेज, आणि शेवटी स्वयंपाकघर, मोरी, संडास. मधल्या बेडरूमला खिडकी नव्हतीच. भर दुपारी तिथे ट्यूबलाइट. वरही तीच कथा. जिना पुढच्या टोकाला पोचतो, म्हणून मागच्या खोलीत जायला परत पॅसेज. खालचा १० फूट, वरचा १४. तीन फूट रुंदीनं ७२ चौरस फूट नुसते चालण्यात गेले. मुंबईत ७२ चौरस फुटांत लोकांनी संसार केलेत.

आता जिन्याचं गणित. कंटाळू नका, हे एवढं समजलं की निम्मं काम झालं. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट धरा, म्हणजे १२० इंच. पायरी साडेसात इंच उंच केली तर १६ चढ होतात. साडेसात इंच म्हणजे १९ सेंटिमीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरच्या जिन्याला याहून उंच पायरी चालत नाही, आणि पाय ठेवायला निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे १० इंच लागतात. ही पाय ठेवायची जागा म्हणजे पावठणी, आणि शेवटचा चढ थेट वरच्या फरशीवर निघतो. म्हणून सरळ जिना काढला तर १५ पावठण्या गुणिले १० इंच, साडेबारा फूट लांबी. मधे वळवला, आठ चढ इकडे, आठ तिकडे, तर प्रत्येक बाजूला सात पावठण्यांचे ५ फूट १० इंच, अधिक वळणावरची अडीच फुटांची सपाट जागा, म्हणजे चौकी. लांबी ८ फूट ४ इंच. रुंदी अडीच अधिक अडीच, मधे तीन इंच फट, ५ फूट ३ इंच. हा झाला जिन्याचा चौकोन. कागदावर तो आधी कापून घ्या आणि प्लॉटच्या चौकोनावर सरकवून बघा. खोल्या नंतर.

लोक इथे लबाडी करतात. पायरी नऊ इंच उंच करतात, पावठणी आठ इंचांची, आणि जागा वाचली म्हणून खूश होतात. नाहीतर लोखंडी गोल जिना बसवतात. तो फोटोत छान दिसतो. हातात भाताचं पातेलं घेऊन त्यावरून उतरून बघा, किंवा वर लोखंडी कपाट न्यायची वेळ येऊ द्या, मग बोलू. माझ्या माहेरच्या घरी कंत्राटदारानं असाच जिना काढला होता. माझे वडील शेवटची सहा वर्षं वर गेले नाहीत. वरच्या खोलीत त्यांची पुस्तकं होती.

तर वहिनींच्या घरी जिना आम्ही मधे आणला, आडवा. प्लॉटच्या बरोबर पोटात ५ फूट ३ इंचांचा पट्टा. त्यात ८ फूट ४ इंच जिना, आणि उरलेले ४ फूट ८ इंच ही पुढून मागे जायची वाट. वाट लांब फक्त सव्वापाच फूट, आणि पॅसेजपेक्षा रुंद, त्यामुळे भिंतीला बेसिन आणि वर देव्हारा बसला. खरा फायदा वर झाला. जिना घराच्या मध्यावर पोचतो, पुढे एक दार, मागे एक दार, पॅसेज संपला. तळमजल्यावर पुढे बारा फुटांचा हॉल, आता अख्खी पुढची भिंत मोकळी, आणि मागे स्वयंपाकघर नि न्हाणी-संडास.

यात एक खोली गेली, हे लपवत नाही. ती अंधारी बेडरूम. घरमालकांनी तेव्हाच विचारलं, "म्हणजे खोली कमी करायचे पैसे घेता?" हो, घेते. आजींचं काय करायचं, हा प्रश्न मात्र खरा होता. मी हॉलच्या आतल्या बाजूला सरकत्या पडद्याआड त्यांचा पलंग दाखवला आणि मनातून जरा ओशाळले होते. आजी म्हणाल्या, "बाई, मला खोलीत कोंडू नका. चौकात कोण आलं, कोण गेलं, ते दिसलं म्हणजे झालं." संडास त्यांच्या पलंगापासून एका सरळ रेषेत, मधे उंबरा नाही, आणि त्याचं दार बाहेर उघडणारं. हे दार लक्षात ठेवा. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगानं अडतं. शिवाय अडीच फुटांचं दार उघडताना पाच चौरस फूट जागा अडवतं. सहा दारांचे तीस. जमेल तिथे सरकतं करा.

आता वरची दिशा. जिना गच्चीवर निघतो, तिथे पावसासाठी डोक्यावर छोटी खोली बांधावीच लागते. तिला आम्ही थोडं उंच उचललं आणि पूर्वेच्या भिंतीत, अगदी वरच्या बाजूला, झडपा लावल्या. पूर्वेलाच का, तर आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. काच सपाट छतात बसवू नका, मुंबईच्या पावसात ती गळणार म्हणजे गळणार. झडपांतून उजेड जिन्यावरून खाली उतरतो, आणि गरम हवा त्याच वाटेनं वर निघून जाते. दुपारचा समुद्राचा वारा पश्चिमेच्या खिडकीतून आत येतो, त्याला बाहेर पडायला जागा मिळाली की तो वाहतो, नाहीतर दारातच थबकतो. वहिनींनी यात माझ्या डोक्यात न आलेली भर घातली. जिन्याच्या वरच्या टोकाला दोऱ्या बांधल्या. जुलैत जिथे शाळेचे गणवेश तीन-तीन दिवस दमट राहायचे, तिथे ते रात्रीतून वाळायला लागले. पुढच्या प्रत्येक घरात मी आता तिथे आकडे ठेवते आणि सांगते की कल्पना माझीच.

वास्तूबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलते. मी मानत नाही, पण मानणाऱ्याशी वाद घालत नाही, कारण घरात मी राहणार नसते. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं होतं, ते मागच्या कोपऱ्यात सहज गेलं. मग उरला ईशान्य कोपरा, आणि तिथे संडास म्हटल्यावर वहिनींच्या सासरची सगळी मंडळी एकदम बोलायला लागली. शेवटी कोपऱ्यात न्हाणी घेतली, तिथे पाणी चालतं म्हणे, आणि संडास चार फूट अलीकडे. त्यासाठी पाइपाला चाळीसास एक उतार धरून सव्वा इंच जास्त खाली जावं लागलं. एवढ्यात घर शांत झालं असेल तर स्वस्तच. वरचं न्हाणीघर मात्र बरोबर खालच्याच्या डोक्यावर ठेवलं, तिथे कुणाचं ऐकलं नाही. ओल्या जागा एकाखाली एक नसल्या की हॉलच्या छताला डाग पडतो, आणि मग आयुष्यभर वॉटरप्रूफिंगवाल्याचा फोन नंबर पाठ असतो.

जोतं उंच ठेवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे इथे सांगायची गरज नाही. पण रोजचा शत्रू वेगळा आहे. रस्त्यावर थरावर थर चढतात आणि घर जागच्या जागी खाली जातं. पाण्याच्या टाकीकडेही लक्ष द्या. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, ती कॉलमच्या डोक्यावर हवी, स्लॅबच्या मधोमध नको. आणि हे घर पाडून, रीतसर परवानगी घेऊन नव्यानं बांधलं, म्हणून जिना हलवता आला. नुसती दुरुस्ती काढली असेल तर स्लॅब कापायच्या आधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरला घरी बोलवा. गवंडी "होऊन जाईल ताई" म्हणतो. होऊन जातंच, पण काय होऊन जातं तेही बघावं लागतं.

कागदावरचं माप लोकांना कळत नाही, यात त्यांचा दोष नाही. म्हणून मी एका रविवारी सकाळी त्यांच्या चौकात चुन्याच्या फक्कीनं अख्खा तळमजला खऱ्या मापात आखला. अर्धी सोसायटी गॅलरीत. सगळ्यांना आत चालायला लावलं. आजी 'दारातून' आल्या, 'पलंगा'वर खुर्ची टाकून बसल्या, उठून 'संडासा'पर्यंत गेल्या. वहिनी 'ओट्या'शी उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "फ्रिज इथे असेल तर माझ्या पाठीला लागेल." फ्रिज तिथल्या तिथे पुसून चौकीखाली सरकवला. चौकीखाली साडेचार फूट उंची मिळते, माणूस उभा राहत नाही, पण फ्रिज, पाण्याचं पिंप नि तांदळाचा डबा राहतो. सगळ्यात उशिरा थोरला मुलगा उठून आला, 'भिंतीं'वरून सरळ चालत आजीजवळ गेला आणि चहा मागितला. सिमेंटची एक गोण न उघडता आम्ही त्या सकाळी सात बदल केले.

आता माझ्याच म्हणण्याची एक अडचण, कारण एकदा तिनंच मला गप्प केलं. मधला जिना घर एकत्र बांधून ठेवतो. खालच्या हॉलमधून गेल्याशिवाय वर जाता येत नाही. उद्या वरचा मजला भाड्यानं द्यायचा म्हटलं किंवा दोन भावांच्या दोन चुली झाल्या, तर जिना पुढेच हवा, रस्त्यावरून स्वतंत्र चढणारा. मग उजेड जातो, पॅसेज परत येतो, आणि ते मान्य करावं लागतं. म्हणून हल्ली मी पहिला प्रश्न किती खोल्या हव्यात असा विचारत नाही. चूल एक राहणार की दोन, ते विचारते. गेल्या दिवाळीच्या सुमाराला गोराईचे दोघे भाऊ आले होते, वडिलांच्या प्लॉटवर नवं घर बांधायचं म्हणून. त्यांनाही विचारलं. थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं, धाकट्यानं मोबाइलकडे. "घरी बोलून सांगतो," म्हणाले. दोन्ही नकाशे काढून ठेवलेत मी, एक मधल्या जिन्याचा, एक पुढच्या. कपाटावर गुंडाळी करून ठेवलेत. अजून फोन आलेला नाही.