टॉप लिंक कोण फिरवतं?

(द्राक्ष-डाळिंब बागायतदारांसमोर झालेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, मिनी ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, डिझेल किती खातो ते विचारतो, टायरची रुंदी बागेच्या गल्लीला मोजून घेतो. अवजार जोडायच्या मागच्या तीन सांध्यांकडे मात्र घरी आल्यावरही कोणी वाकून बघत नाही. डीलरच्या माणसाने पहिल्या दिवशी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र, जोडून दिला, तेव्हा टॉप लिंक, म्हणजे वरच्या सांध्याचा दांडा, जेवढी लांब होती तेवढीच ती पुढे नांगराला, फणाला आणि सरीच्या रिजरलाही राहते. मग नांगर जमिनीत उतरत नाही म्हणून त्यावर दगड बांधायचे आणि ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून इंजिनाला बोल लावायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की अवजार बदललं की जोडणी नव्याने बसवावी लागते. लहान ट्रॅक्टरला तर जास्तच, कारण त्याच्याकडे चूक पोटात घालायला स्वतःचं वजन नाही.

हे तीन सांधे म्हणजे नुसते अडकवायचे हुक नाहीत. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने 1926 च्या सुमारास याचं पेटंट मिळवलं. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता अडकवून ओढत. फाळ दगडाला अडला की मागची चाकं फिरतच राहायची, पुढचं तोंड वर उठायचं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसनने खाली दोन हात दिले आणि वर एक दांडा दिला. नांगर जमिनीत ओढला जात असताना हा वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यामुळे तोंड उठायचा धोका कमी होतो आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. 1939 मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून या जोडणीचा ट्रॅक्टर बाहेर पडला आणि पुढे सगळ्या जगाने हीच पद्धत घेतली.

आपल्या आजोबांना यातलं तत्त्व माहीत होतं. हाळिसावर, म्हणजे नांगराच्या लांब दांड्यावर, जू पुढे-मागे बांधून ते नांगर खोल किंवा उथळ घेत. ओढण्याची रेघ कुठून कुठे जाते यावर खोली ठरते, हे बैलांच्या काळातही खरंच होतं.

आता कामाचं बोलू. सुरुवात सपाट जागेवर करा, अंगणातली फरशी असेल तर उत्तम. आधी मागच्या दोन्ही टायरांची हवा सारखी आहे का बघा. एका टायरात हवा कमी असेल तर पुढे तुम्ही जे लेव्हल कराल ते सगळं खोटं. मग खालच्या दोन्ही हातांच्या टोकांची जमिनीपासून उंची टेपने मोजा. बहुतेक ट्रॅक्टरला उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडवर, म्हणजे खालचा हात उचलणाऱ्या दांड्यावर, फिरवायचा स्क्रू असतो, त्याने उजवी बाजू वर-खाली होते. म्हणूनच जोडताना आधी डावा हात, मग उजवा, शेवटी टॉप लिंक. सोडताना याच्या उलट.

पिनांचंही बघा. कॅटेगरी वन या मापाच्या जोडणीची खालची पिन 22 मिलिमीटरची आणि टॉप लिंकची 19. मिनी ट्रॅक्टरला बहुधा हीच पिन असते, पण दोन खालच्या सांध्यांमधलं अंतर कमी असतं. म्हणून शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार आणलं की ते ओढूनताणून बसवलं जातं. मोठ्या भोकात बारीक पिन घालायची तर मध्ये बुश, म्हणजे पोकळ नळी, घाला. नुसती बसवलीत तर अवजार खडखडत चालतं आणि भोक लांबट होत जातं. पिन निसटू न देणाऱ्या लिंच पिनेऐवजी खिळा वाकवून घालणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते ऐकत नाहीत.

नांगराचं बघू. टॉप लिंक आखूड केली की नांगराचं वरचं टोक पुढे ओढलं जातं, मागचा भाग उचलतो आणि फाळ टोकावर येतो, म्हणजे जमिनीत घुसायला बघतो. लांब केली की मागचा भाग बसतो आणि फाळ वर सरकतो. कडक जमिनीत सुरुवातीला थोडी आखूड ठेवा, पण तास सुरू झालं की मागे उतरून बघा. नांगराची चौकट बाजूने पाहताना जमिनीला समांतर दिसली पाहिजे. नुसती टोकावर चालत असेल तर फाळ झिजतो आणि ट्रॅक्टरवर विनाकारण ताण येतो. साध्या नांगराला आणखी एक गोष्ट आहे. उजवं चाक तासात उतरतं, ट्रॅक्टर उजवीकडे कलतो, म्हणून उजवा लिफ्ट रॉड तेवढा आखूड करायचा. नांगर सरळ राहिला पाहिजे, ट्रॅक्टर कलला तरी चालेल. पलटी नांगराला हा उपाय चालत नाही, कारण प्रत्येक फेरीला चाकाची बाजू बदलते. तिथे दोन्ही रॉड सारखे ठेवून नांगरावरच्या स्टॉपर बोल्टनी कल बसवायचा. खालच्या हातांचं डावं-उजवं हलणं रोखणाऱ्या साखळ्या नांगराला इंच-दोन इंच सैल असाव्यात, म्हणजे तो आपल्या रेघेत चालतो.

रोटाव्हेटरला याच साखळ्या घट्ट लागतात. बागेत तर नक्कीच, नाहीतर यंत्र झोकांडी खाऊन खोडाला लागतं. पण खरा घोटाळा पीटीओ शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट असतात. एकच जॉइंट कोनात फिरला तर प्रत्येक फेऱ्यात त्याचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दुसरा जॉइंट तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही योक, म्हणजे जॉइंट धरणारे शाफ्टचे काटे, एका रांगेत असतील, तर हा हिसका दुसरा जॉइंट खाऊन टाकतो. म्हणजे काम करताना रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचा दांडा ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्याला समांतर हवा, आणि ते ठरवते टॉप लिंक. नांगरासाठी आखूड केलेली टॉप लिंक तशीच ठेवली तर गिअरबॉक्स नाकावर झुकतो, शाफ्ट धडधडतो आणि क्रॉस तुटतो. मग दुकानदार डुप्लिकेट क्रॉस देतो म्हणून आपण त्याच्यावर चिडतो.

शाफ्टची लांबीही बघा. हायड्रॉलिक सावकाश वर-खाली करून शाफ्ट सर्वांत आखूड कुठे होतो ते शोधा. तिथे नळीत दांडा बुडाला टेकता कामा नये, टेकला तर गिअरबॉक्सची बेअरिंग जातात. बांधावर वळताना पीटीओ बंद करून मगच यंत्र उचला. खोली बाजूच्या स्किडवर, म्हणजे जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्यांवर, बसवा आणि लिव्हर पोझिशन कंट्रोलवर ठेवा, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवर राहतं.

ड्राफ्ट कंट्रोल हे नांगर आणि फणाचं काम. जमीन कडक लागली, टॉप लिंकवर दाब वाढला की हायड्रॉलिक अवजाराला किंचित उचलतं, तो भाग गेला की पुन्हा सोडतं. काही मिनी ट्रॅक्टरांत हे नसतं, फक्त पोझिशन कंट्रोल असतं. तसा तुमचा असेल तर फणाला खोलीची चाकं लावून घ्या, पैसे वसूल होतात. पेरणी यंत्रालाही हाच नियम आहे. बी फिरवणारं चाक जमिनीला टेकलेलं राहायला हवं. लिव्हरने यंत्र अर्धं टांगून ठेवलं की चाक घसरतं आणि ओळीत बी विरळ पडतं.

वजनाचा हिशेब मागे टांगलेल्या फवारणी यंत्रात कळतो. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, वर टाकी आणि पंखा. ब्रोशरवर लिहिलेली उचलण्याची क्षमता खालच्या हातांच्या टोकाजवळची असू शकते. वजन जितकं मागे, तितकी ती कमी. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं तर पुढे वजनं लावा. टाकी अर्धी भरायला लाजू नका.

आणि एक गोष्ट मी दरवेळी सांगतो. अडकलेली ट्रॉली किंवा झाडाचं खोड ओढायला साखळी टॉप लिंकच्या ब्रॅकेटला कधीही बांधू नका. ओढ मागच्या धुऱ्याच्या वर गेली की ट्रॅक्टर धुऱ्याभोवती मागे उलटतो, आणि ते इतक्या पटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारला. अवजार वर धरून त्याच्याखाली शिरून पाती बदलणंही तितकंच वाईट. हायड्रॉलिक गळतं, आधी लाकडी ठोकळे लावा.

आता शेडसमोर एक ट्रॅक्टर नांगर लावून उभा केलाय. टॉप लिंक मुद्दाम चुकीची ठेवली आहे. टेप माझ्याकडे आहे, पाना तुमच्यातल्या कोणीतरी घ्या.