सात ते नऊ, दादर पश्चिम

(दृश्य: संध्याकाळ. दादर स्टेशनचा पूल, वरून. माणसांचे दोन प्रवाह एकमेकांतून वाट काढताहेत.)

संध्याकाळचे सात वाजलेत. दादर पश्चिमेला राहणारं एक नोकरदार जोडपं या वेळी ऑफिसातून परततं, तो ठाण्याहून, ती मरोळहून. ठाण्याहून आलेली जलद लोकल दादरला थांबते. उतरताना फारशी रेटारेटी नाही, कारण या वेळी शहर उलट्या दिशेला, कल्याणकडे निघालेलं असतं. खरी गर्दी लागते ती पुलावर. तिथे सगळं दादर समोरून अंगावर येतं. म्हणून तो ठाण्याला गाडीत चढतानाच डबा ठरवून चढतो. आपल्या पुलाच्या जिन्यासमोर थांबणारा डबा मिळाला, तर फलाटावरची पाच मिनिटं वाचतात. चुकला, तर जिन्याच्या तोंडाशी उभं राहून गर्दी सरकायची वाट बघावी लागते.

नवख्या माणसाचा इथे आणखी एका गोष्टीत गोंधळ होतो. पूर्वी दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. डिसेंबर 2023 पासून आकडे सलग झाले. पश्चिमेचे 1 ते 7, मध्यचे 8 ते 14. जुने लोक अजून जुनेच आकडे बोलतात. त्यामुळे कुणी ‘चार नंबरवर भेटू’ म्हटलं, तर ‘कुठल्या चारवर?’ हे विचारून घ्यावं.

हे दोघं स्टेशनात भेटतच नाहीत. तिचं ऑफिस मरोळला आहे. पूर्वी तिला अंधेरीला गाडी बदलावी लागायची आणि परतीला ती याच पुलावरून बाहेर पडायची. ऑक्टोबर 2025 मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. त्याच्या पाच महिने आधीच, मे महिन्यात, ही मार्गिका दादर ओलांडून वरळीपर्यंत पोचली होती. आता मरोळ नाक्याला बसलं की थेट दादर. पण मेट्रोतून वर येताना ती गोखले रोडच्या बाजूला निघते. स्टेशनाबाहेरचा बाजार तिच्या वाटेतून गेला, आणि घरातली भाजी आणायचं काम तिच्याकडून त्याच्याकडे आलं. एका मेट्रोने घरातल्या कामाची वाटणी बदलली. दादरमधल्या बऱ्याच घरांत सध्या असंच काही ना काही बदलतंय.

(दृश्य: स्टेशनाबाहेर, पश्चिमेला. टोपल्या, वाटे, दिव्यांचा पिवळा उजेड.)

दादरला भाजी स्वस्त मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. संध्याकाळी कुठली भाजी घ्यायची, हे मात्र शिकावं लागतं. पालेभाजी या वेळी घेऊ नये. सकाळपासून तिच्यावर पाणी मारलेलं असतं. जुडी हाताला जड आणि ताजी वाटते, पण घरी सोडली की आतली पानं काळी आणि चिकट निघतात. मेथी, चाकवत, अंबाडी हा सकाळचा सौदा. संध्याकाळी दुधी, पडवळ, भेंडी, वांगी घ्यावीत. दुधीत नख सहज रुतलं पाहिजे. भेंडीचं टोक मोडून पाहावं, कट्कन तुटलं तर कोवळी, वाकलं तर जून. वांग्याचा देठ हिरवा असावा आणि आकाराच्या मानाने वांगं हलकं लागावं. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात.

“मावशी, भेंडी मोडून बघू का?”

“एकच मोडा दादा, सगळी नका मोडू.”

पिशव्या दोन लागतात, दोन्ही कापडी. एकीत दुधीसारखी जड भाजी, दुसरीत मऊ. कांदे, बटाटे, नारळ असं सामान मात्र इथे घ्यायचंच नाही, ते घराजवळच्या वाण्याकडून घ्यायचं, हा त्यांचा नियम. स्टेशनापासून चार किलोचं ओझं वाहत आलं की वाटेत कुठे थांबावंसं वाटत नाही, आणि या दोघांना तर थांबायचंच असतं. ठाणे आणि मरोळ यांच्या मधली ही दोन तासांची जागा त्यांची स्वतःची असते. दिवसाचे अकरा-अकरा तास बाहेर काढणाऱ्या माणसांना मोठी सुट्टी वर्षातून एकदा मिळते. हे दोन तास रोज मिळतात, फक्त ते नीट बांधावे लागतात.

(दृश्य: गोखले रोड. ती फुटपाथवरून चालत येतेय. तो समोरून, हातात पिशवी.)

आठवड्यातून एकदा ते ‘प्रकाश’ या उपाहारगृहात बसतात. साबुदाणे वड्याची एक प्लेट दोघांत आणि पीयूष दोन. पीयूष वाटून घेतलं जात नाही. श्रीखंड ताकात घुसळून पातळ केलं की पीयूष होतं. वर जायफळ आणि केशर. घरी करताना बहुतेकांचं चुकतं ते ताकात. आंबट ताक घेतलं की साखर वाढवावी लागते, मग जायफळ दबतं. गोडसर, त्याच दिवशीचं ताक हवं, आणि जायफळ प्यायच्या आधी किसायचं.

एरवी पिशवी घरी ठेवून, कुकर लावून, ते शिवाजी पार्कवर जातात. कुकरचं गणित पक्कं आहे. डाळ आणि भात, मंद आचेवर दोन शिट्ट्या, मग गॅस बंद. वाफ जिरेपर्यंत पार्कावरची फेरी सुरू झालेली असते.

(दृश्य: शिवाजी पार्कचा कट्टा. चालणारे, बसलेले, मुलांच्या मागे धावणारे.)

हे मैदान 1925 साली लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, 1927 मध्ये ते शिवाजी पार्क झालं. मैदान सुमारे 28 एकरांचं आहे. त्याच्या कडेने फिरणारा कट्टा सुमारे 1.17 किलोमीटरचा. साध्या चालीने एका फेरीला चौदा मिनिटं लागतात. दोन फेऱ्या म्हणजे अर्धा तास, आणि तेवढ्यात दिवसभराचं सगळं बोलून होतं. पहिल्या फेरीत ऑफिस. दुसऱ्या फेरीत ऑफिसचं नाव काढायचं नाही.

कट्ट्याची उंची बसायला बरोबर आहे. पाय जमिनीला टेकतात आणि पाठीशी मैदान राहतं. अनेक आजी-आजोबांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात. तिथे नवीन माणूस बसला तर कुणी उठवत नाही, पण दोन मिनिटांत त्यालाच कळतं. उजेड असेपर्यंत मैदानात क्रिकेटच्या जाळ्यांमध्ये सराव चालतो. रमाकांत आचरेकर सरांनी इथेच मुलं घडवली. त्यांचं स्मारक डिसेंबर 2024 पासून मैदानाच्या एका फाटकाशी आहे. बॅट खांद्यावर टाकून घरी निघालेली मुलं तिथे क्षणभर थबकतात.

एप्रिल-मेमध्ये मात्र जपायला हवं. मैदानाची लाल माती सुकली की समुद्राकडचा वारा ती उचलतो आणि आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांत नेऊन टाकतो. ज्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारलेलं नसेल, त्या दिवशी फेरी मैदानाला लागून न मारता समोरच्या फुटपाथवरून मारावी. वाळत घातलेले कपडे सहाच्या आधी काढायला कुणी घरी नसेल, तर ते आतच वाळवावेत. लाल धुळीचा थर बसलेला पांढरा शर्ट एका धुण्यात निघत नाही.

सकाळ थोडक्यात आटपते. पाणी यायच्या वेळेला उठायचं, पिंप भरायचं, डबे, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. नऊच्या आत दोघं बाहेर.

(दृश्य: शनिवार, पहाटे साडेपाच. सेनापती बापट मार्ग. झेंडूचे ढीग, पाठीवर पोती घेतलेले हमाल.)

शनिवारी सुट्टी, तरी ती पहाटे उठते. दादरच्या फुलबाजाराला उजाडेपर्यंत थांबणं परवडत नाही. इथे घाऊक व्यवहार अंधारातच सुरू होतो आणि फूल किलोवर विकलं जातं. घरच्या देवांना पाव किलो सुटी फुलं आठवडाभर पुरतात, पण ती टिकवता आली पाहिजेत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून फ्रीजमध्ये ठेवणं. आत ओल धरते, पाकळ्यांना घाम फुटतो आणि दोन दिवसांत त्या काळ्या पडतात. घरी आणल्यावर फुलं कागदावर अर्धा तास पसरायची, चेंबलेली वेगळी काढायची आणि उरलेली डब्यात कापड घालून त्यावर ठेवायची. झाकण किंचित उघडं. पावसाळ्यात शेवंती ओलीच येते, तिला पसरायला दुप्पट वेळ द्यावा लागतो. सोनचाफा त्याच दिवशीचा. तो साठवू नये, ऑफिसच्या पर्समध्ये किंवा घरात वाटीभर पाण्यात ठेवावा.

गणपती, दसरा, दिवाळी यांच्या आदल्या तीन दिवसांत इथे आणि रानडे रोडवर पाऊल टाकायला जागा नसते. ती तोरणाचा झेंडू सणाच्या दोन दिवस आधी, तोही कळ्यांचा घेते. कळी घरी उमलते.

जून लागला की पालघर, वसईकडच्या बायका रानभाज्या घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. टाकळा, कुरडू, फोडशी, आणि अगदी सुरुवातीच्या पावसात शेवळं. फुलं घेऊन परतताना शेवळं दिसली की ती थांबतेच. हंगाम काही आठवड्यांचाच असतो. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, तो राहिला की घसा खाजतो. शिवाय आंबट घालावंच लागतं. त्यासाठी शेवळांच्या शेजारीच काकडं नावाची छोटी हिरवी फळं विकायला असतात. काकडं वाटून रस भाजीत घालतात. काकडं विसरलात, तर चिंच घाला, पण आंबटाशिवाय ही भाजी करू नका. विकणारी मावशी बहुधा स्वतःच विचारते, “ताई, काकडं घेतलीत ना?” तिचं ऐकावं.

पावसाचं आणखी एक. दादर पूर्वेला हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळी आली की पाणी बाहेर जायला वाट नसते. साचलेलं पाणी साठवायला आता महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्यात. एक परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि एक दादरच्या प्रमोद महाजन कलापार्काखाली. पूर्वीपेक्षा पाणी लवकर उतरतं. तरीही साडेचार मीटरच्या वर भरती असलेले दिवस या दोघांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेत. त्या दिवशी पाऊस असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची खेप रद्द. 1898 साली सुरू झालेली ही संस्था दादर पूर्वेला आहे, आणि तिथून आणलेली पुस्तकं भिजवणं त्यांना मान्य नाही.

(दृश्य: रविवार, सकाळी आठ. सिटीलाइटची मासळी मंडई. ओले ओटे, कोळणींचा आवाज.)

रविवार मासळीचा. शिवाजी पार्कपासून सिटीलाइटची मंडई चालत गाठता येते. डबा झाकणाचा, स्टीलचा, सोबत घेतलेला. पापलेट घेताना कल्ल्यापाशी बोटाने दाबावं. पांढरट पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर पुढे चालावं. बोंबील तोंडाशी गुलाबी आणि हाताला घट्ट हवेत. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत ओट्यावर मोठं पापलेट दिसलं तर ते बर्फातलं आहे असं समजावं. या दोन महिन्यांत हे घर सुकटीवर, सोड्यांवर आणि खाडीच्या मासळीवर खुशीने राहतं.

बोंबील तो तळतो. चिरून, काटा काढून, कापडात गुंडाळून वर पाट्याचं वजन, अर्धा तास. ही पायरी गाळली की बोंबील तव्यावर पाणी सोडतो, पीठ सुटून तेलात उतरतं आणि हातात राहतं उकडलेलं काहीतरी. दाबलेल्या बोंबलाला हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून घोळवायचं. तव्यावर टाकल्यावर तीन मिनिटं हात लावायचा नाही.

दुपारी झोप. चारच्या सुमाराला नाटक, शिवाजी मंदिरला किंवा माटुंग्याच्या यशवंतला. प्रयोगांच्या जाहिराती पेपरात पाहून तिकीट आधीच काढलेलं असतं. पहिल्या रांगेपेक्षा त्यांना मधली आवडते, नटाचा चेहरा आणि अख्खा रंगमंच दोन्ही एका नजरेत येतात. मध्यंतरात वड्याच्या रांगेत एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने चहाच्या. दोघांनी एकाच रांगेत उभं राहिलं तर तिसऱ्या घंटेपर्यंत एकच गोष्ट मिळते.

वर्षातला एक दिवस मात्र त्यांचा नेहमीचा फेरा बंद असतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला देशभरातून माणसं येतात, रस्ते वळवलेले असतात आणि शिवाजी पार्कावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या दिवशी ते चालायला जात नाहीत, पुस्तकं घ्यायला जातात. सुटे पैसे आणि पाठीवरची सॅक. पिशवीचे बंद पुस्तकांच्या वजनाने तुटतात.

(दृश्य: रविवार रात्र. स्वयंपाकघर. ओट्यावर पातेलं.)

नाटकाहून आल्यावर तो मेथी निवडतो. न धुता, पेपरात गुंडाळून फ्रीजमध्ये. धुवायची ती फोडणी घालायच्या आधी. ती दोन वाट्या मटकी भिजत घालते. रात्रभर पाण्यात, सकाळी उपसून कापडात घट्ट बांधायची. मे महिन्यात बारा तासांत मोड येतात, आणि जास्त ठेवली तर वास धरते. जानेवारीत चोवीस तासही कमी पडतात, मग पुरचुंडी रिकाम्या कुकरमध्ये झाकून ठेवायची.

“अगं, पाणी बघ गं, कमी वाटतंय.”

ती आणखी एक भांडं ओतते. मटकीच्या वर चार बोटं. मंगळवारी उसळ.