तेरड्याचा रंग

(दृश्य: पहाट. इंदूर, रामबागेतली एक गल्ली. घराची रस्त्याकडची भिंत, जवळून.)

या भिंतीवर आत्ता एका योजनेची जाहिरात आहे. तिच्याखाली पांढऱ्या रंगातून अजून डोकावणारं निवडणूक चिन्ह. त्याच्याही खाली कुठल्याशा शिकवणीचा फोन नंबर, शेवटचे आकडे गेलेला. आणि पोपडा निघालाय तिथे, कमरेच्या उंचीवर, एक तपकिरी डाग.

तो डाग आमचा. आम्ही इथे संजा मांडायचो. भिंतीवर काही काढणं ही अभिव्यक्ती की विद्रूपीकरण, असं कुणी विचारलं की मला हा डाग आठवतो.

(दृश्य: शेणाचा गोळा. मुलीची बोटं. परडीत तेरडा.)

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत, सोळा दिवस. माळव्यातल्या कुमारिकांचा हा सण. मराठी घरात तेव्हा पितृपक्ष. कावळ्याचं पान वाढायची घाई. आई चिडायची, "अगं, श्राद्धाच्या दिवसांत भिंती कसल्या बरबटवता?" आजी तिला म्हणायची, "मांडू दे गं. संजा माहेरी आलीये. तिचे एवढेच दिवस."

शेणाच्या वळ्या करून भिंतीवर आकार काढायचा, वर पाकळ्या चिकटवायच्या. पंचमीला पाच कुंवारे, म्हणजे पाच कुमार, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल. शेवटी किलाकोट: तट, दरवाजे, चंद्र-सूर्य, सगळं त्यात. आरती, गाणी, प्रसाद. आणि दुसऱ्या दिवशी कालचं चित्र खरवडायचं, कारण तिथेच आजचं यायचं असायचं.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. आमच्या भिंतीवर त्याला एकच मिळायचा. वाईट वाटायचं नाही. खरवडणारा हात आमचाच होता.

(दृश्य: अजिंठा. दहावं लेणं.)

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला आपलं नाव कोरलं. लेणं तेव्हा मातीने भरलेलं, तो ढिगाऱ्यावर उभा होता. माती उपसली, आणि नाव राहिलं माणसाच्या डोक्याच्याही वर, जुन्या चित्रावर. दोनशे वर्षं झाली. त्याला मी अभिव्यक्ती म्हणणार नाही. इथे इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या समाध्यांवर, दगडात बदाम कोरणाऱ्यांनाही नाही. दुसऱ्याने घडवलेल्या दगडावर कायमचं बसायचं, ही जबरदस्ती आहे.

पण खडूने लिहिलेलं एक वाक्य?

(दृश्य: मुख्य रस्ता. रंगवलेल्या भिंती.)

मध्य प्रदेशात 1994 पासून संपत्ती विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आहे. शाई, खडू, रंग, सगळं त्यात आलं. सूट आहे ती घरमालकाच्या किंवा तिथे राहणाऱ्याच्या नावा-पत्त्याला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकारी इमारतींवरचा राजकीय मजकूर 24 तासांत जातो, बाकीच्या सार्वजनिक जागांवरचा 48 तासांत. हे योग्यच आहे. पक्षांनी आमच्या भिंती फुकट वापरल्या होत्या.

2017 पासून इंदूर देशात सर्वांत स्वच्छ शहर म्हणून पहिलं येत राहिलं. मला त्याचा अभिमान आहे, पहाटे झाडणाऱ्या बायकांचा तर फारच. भिंतींवर आता सुंदर चित्रं आहेत, ज्यांनी काढली त्यांचा हात तयार आहे. तरी या रस्त्याने जाताना मला चुकल्यासारखं होतं. इतक्या भिंती, आणि एकीवरही एखाद्या पोरीने स्वतःच्या मनाने काढलेली रेघ नाही. लिहिणारे वेगळे, पुसणारे वेगळे, राहणारे तिसरेच.

(दृश्य: बाजार. छापील संजाचे कागद.)

संजाही आता छापील मिळते. कागद चिकटवायचा, आरती करायची. फ्लॅटच्या दाराशी शेण कोण लावू देणार? मुली निदान गातात तरी.

(दृश्य: पुन्हा तीच भिंत. निवेदिकेचा हात डागावर.)

सर्वपित्रीला किलाकोट उतरवताना भांडण व्हायचं, पहिला ओरखडा कुणी काढायचा यावर. सगळं टोपलीत भरून नदीवर न्यायचो, वाटेत कुणी बोलायचं नाही. परत येऊन हात कितीही घासले तरी बोटांची टोकं तेरड्याने लाल राहायची. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई विचारायच्या, "हे काय गं?"

आणि आम्ही बाकावर दहाही बोटं पसरून दाखवायचो.