खुंटाचे फुटवे आणि वणवा

श्रोतेहो, नमस्कार.

फाल्गुन लागला की पाटण, जावळीच्या डोंगरांवर रात्री लाल रेघ दिसायला लागते. आपण म्हणतो, वणवा लागलाय, आणि कूस बदलून झोपतो. जुनं गवत पेटवलं की नवा चारा जोमानं येतो, हे लहानपणापासून ऐकत आलेले आपण. आज मला त्या रेघेविषयीच बोलायचंय.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. म्हणजे एक टन लाकूड जळालं, की सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोटारसायकलला पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळावं, तेवढा. आमच्या देवराईतलं जांभूळ दोघांच्या कवेत मावत नाही. त्याच्या खोडाफांद्यांत असं कित्येक टन लाकूड साठलंय.

मग गवताचं काय? गवतातला कार्बन जळून गेला, तरी पुढच्या पावसात नव्या गवतात परत येतो. खरं नुकसान गवताच्या आत दडलेलं असतं. एकदा वणव्यानंतर सकाळी मी चढणीवर गेलो होतो. काळ्या राखेत हिरड्याचा एक खुंट. कधीकाळी कोळशासाठी तोडलेला, पण मुळं जिवंत. त्याला बोटाएवढे दोन फुटवे आले होते. नखानं साल खरवडली, तर आत हिरवं असायला हवं तिथे तपकिरी. दरवर्षी तो फुटतो, दरवर्षी भाजतो. ज्या उतारावर आज रान उभं राहिलं असतं, तिथे गवतच राहतं. त्या न वाढलेल्या रानाचा हिशेब कुणी मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पावसाळ्यात खड्डे खणून गिरिपुष्पाच्या झाडांची रोपं लावण्याआधी हे खुंट सांभाळा, असं माझं म्हणणं आहे. रोपाला मुळापासून सुरुवात करावी लागते, खुंटाची मुळं तयारच असतात. अर्थात जिथे खुंटही उरले नाहीत, तिथे लावणीच हवी. सांगली जिल्ह्यात धों. म. मोहिते यांनी सागरेश्वरच्या बोडक्या टेकड्यांवर रान उभं केलंच. १९८५ साली ते अभयारण्य झालं.

मालकीचं रान ठेकेदाराला ठोक देणाऱ्यांनाही विनंती. सगळं सपाट करू नका. निवडक झाडं काढायची, तर त्यांच्यावरचे वेल आधी तोडा, नाहीतर पडणारं झाड शेजारची चार ओढून नेतं. लाकूड ओढायची वाटही एकच ठेवा.

आमच्या वाडीनं शिवरात्रीच्या आधी उताराच्या कडेनं जाळरेषा काढायला सुरुवात केली. गवत कापायचं, पालापाचोळा ओढून घ्यायचा, माती उघडी करायची. दोन दिवसांचं काम, पंधरा-वीस माणसं. गेली तीन वर्षं आग आत आलेली नाही. त्या हिरड्याचा एक फुटवा आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय.

नमस्कार.